पाठीमागची पडवी

नऊला शाळा, दहाला उपासना.
मध्ये एकच दार, कडी खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली.
शाळेतून उपासनेत जाताना आम्ही पोरं
उंबऱ्याबाहेर आवाज काढून ठेवायचो,
चपलांसारखा.

शाळा म्हणजे वेंगुर्ल्याच्या देवळाची पाठीमागची पडवी.
दोन तरटं, शेजारच्या कारखान्यातून
भाजत्या काजूचा घशात बसणारा धूर,
आणि सत्त्वशीलाबाईंचा कापडी फळा.
निळं फ्लॅनेल म्हणजे समुद्र.
त्यावर चिकटवायची फ्लॅनेलचीच होडी.
पण जूनपासून गणपतीपर्यंत हवा अशी ओली
की होडी चिकटायचीच नाही.
बाई तिच्यावर अंगठा दाबून गोष्ट सांगायच्या.
अंगठा सुटला की बारा शिष्यांसकट
होडी आमच्या मांडीवर.

तिथं हात वर करता यायचा.
माशाच्या पोटात तीन दिवस, त्याला वास नाही आला?
पाच भाकऱ्या समजल्या, पण दोन मासे कुठले,
बांगडे की तारल्या?
आणि एवढ्या गर्दीत बारक्या पोरांचे काटे कोणी काढले?
बाई ओठ दुमडून विचार करायच्या
आणि पुष्कळदा म्हणायच्या,
"माहीत नाही गं मला. विचारू या देवाला."
मग आम्ही खरंच विचारायचो, डोळे उघडे ठेवून,
कारण उत्तर कुठून येईल सांगता येत नव्हतं.

उपासना पुढच्या बाजूला.
बाक, पाळकसाहेबांच्या झग्याची कडक इस्त्री,
उपदेशाचे तीन मुद्दे.
दुसऱ्यात माझी आत्या डुलायची,
तिसऱ्यात वडीलमंडळी मनगटं बघायची.
तिथं हात फक्त दानाच्या पिशवीपर्यंत जायचा.
प्रश्न तिथंही असत,
पण ते पाळकसाहेबच विचारत
आणि उत्तर त्यांच्या कागदावर आधीच असे.
मी धरून चाललेले, मोठं होणं ते हेच.

मग एका ऑगस्टात आंबोलीला दरड आली,
पाळकसाहेब घाटापलीकडे अडकले.
दहा वाजून गेले. वडीलमंडळी कुजबुजली,
चष्मे काढले, पुसले, घातले,
शेवटी पडवीत निरोप आला.
बाईंकडे कागद नव्हता. त्या फळाच घेऊन आल्या.
व्यासपीठावर चढल्या नाहीत,
खाली, पहिल्या बाकापुढे खुर्चीवर तो टेकवला.
तीच होडी, तोच अंगठा,
वादळ आणि होडीच्या मागच्या टोकाला
उशीवर झोपलेला प्रभू.
आणि सवयीनं विचारून बसल्या,
"कोणाला काही विचारायचंय?"

पागोळ्या पडत होत्या, तेवढाच आवाज.

शेवटच्या बाकावर सिलासकाका,
मिशन दवाखान्याचे जुने चौकीदार.
त्यांचा इम्मानुएल ट्रॉलरवर गेलेला,
निवतीच्या खडकांत ट्रॉलरचं एक निळं पिंप सापडलं, बस.
त्यांनी हात वर केला.
पुरता नाही, कोपर बाकावर टेकलेलंच,
उत्तर येत नसताना आम्ही करायचो तसा.
"बाई, माका येकच सांगा.
येवढ्या वादळात तो निजलो कसो?"

माना वळल्या.
मी तीन मुद्द्यांची वाट बघत राहिले.
बाईंचा अंगठा सुटला होता.
होडी फरशीवर पडली, अजिबात आवाज न होता,
आणि आम्ही पोरंसुद्धा हसलो नाही.
"माहीत नाही, सिलासभाऊ," बाई म्हणाल्या.
"मीही विचारते त्याला."
मग बराच वेळ कोणीच काही म्हणालं नाही.
आत्या जागी होती.

पुढच्या रविवारी रस्ता उघडला.
पाळकसाहेब आले, मुद्दे तीन, चांगलेच होते.
पण त्या दिवशी नऊलाच
सिलासकाका पडवीत येऊन बसलेले,
गुडघे वाकत नव्हते म्हणून पाय सरळ पसरून,
आमच्या तरटाचा अर्धा भाग अडवून.
होडी पडली की वाकून तेच उचलून द्यायचे,
बाहीला पुसून.
दहाची घंटा झाली की छत्री घेऊन
घरी जायचे.